गाडीच्या पुढची जागा

मी गाडीत बसलो, बटन दाबलं अन् ओरडलो, "लागला का वं?"

कमल अंगणात तुळशीपाशी उभी होती, गाडीच्या बरोबर पुढं, पदर कमरेले खोचून. तिनं आधी एक हात वर केला, मंग दुसरा. "दोनी लागले. आता डिपर मारा." मी डिपर मारला. "हाव. आता साईड." साईडचे बी पाहून झाले. मंग म्हणे, "डावा जरा पिवळा दिसून राहिला. का माहेच डोळे पिवळे झाले?"

मी म्हटलं, "तुहे डोळे."

ती हासली अन् चूल पेटवाले आत गेली.

श्रावण होता. दिवसभर आमी दोघांनी झेंडूचं रोप लावलं होतं. दुसऱ्या दिवशी वांगे घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचं होतं. बाजार उजाडायच्या आधी भरते, म्हणून आमी अंधारातच निघत असू, अन् म्हणून आदल्या सांजीले दिवे पाहायची आमची रीत. मी आत, ती पुढं. सकाळी उठून तिनं चहाचं आधण ठेवलं अन् चुलीपाशीच खाली बसली ते उठलीच नाही. डॉक्टर म्हणे हृदय. मी म्हटलं, असन.

वांगे गाडीतच राहिले. तिसऱ्या दिवशी वास आला तवा कोनीतरी काढून टाकले.

घरून

मी चौथीपर्यंत शिकेल माणूस हाय. लोक काशीचं लिहितात, बद्रीनाथाचं लिहितात. मी गेलो चांदूर बाजारच्या आमच्या खेड्यावरून अकोल्याले. त्या वाटेनं किती वेळा गेलो असन, पण आजवर शेजारच्या शीटवर कमल होती. एकट्यानं गेलो ते हेच पहिलं. म्हणून लिहून राहिलो.

कमलची लहान बहीण शकुंतला, तिले आमी शकू म्हणतो, ती अकोल्याले देल्ली हाय. तिची पोरगी पूनम. पूनमचं लगन तुळशीचं लगन झाल्यावर ठरलं होतं. ते कमल होती तवाच ठरलं, अन् कमलनं फोनवर शब्द देऊन टाकला, "हळदीच्या मांडवाले फुलं माह्या वावरातले. एक फूल इकत आणायचं नाही." ते रोप त्याच्यासाठीच लावलं होतं.

झेंडूले काय मालूम घरचं कोन गेलं. दिवाळीपासून फुलला तो थांबेच ना. अर्धं वावर पिवळं, अर्धं केशरी. बांधाच्या कडेनं तिनं शेवंती बी लावली होती, पांढरी.

आमच्या घरी यंदा सण नव्हता. दसरा नाही, दिवाळी नाही. वर्ष होईपर्यंत दाराले तोरण लागत नाही, गाडीले हार लागत नाही. गावातले म्हणाले, "भाऊ, दुःखाच्या घरचं माणूस हळदीच्या घरी जाते का? पिकअपवाल्याजवळ फुलं देऊन दे." मी शकूले फोन केला. ती म्हणे, "भाऊजी, पिकअपवाला माह्या बहिणीचा कोन लागते? तुमीच आणा." मंग जरा थांबून म्हणे, "पण सांजीपर्यंत पोचजा. बाया सांजीले माळा ओवाले बसतीन. माह्या दिरानं प्लास्टिकचे फुलं सांगून ठेवले हायेत भाड्यानं. तो म्हणते, म्हाताऱ्याचा भरोसा नाही, सांजीपर्यंत वाट पाहू, नाहीतर हेच लावू."

हे ऐकून माहं डोकं फिरलं. प्लास्टिकचे फुलं लागले का कमलचा शब्द गेला. मेलेल्या माणसाजवळ दुसरं राहाते काय? मी म्हटलं, "सांजीच्या आत येतो. तुह्या दिराले सांग, प्लास्टिक आपल्या डोक्यात खोचून ठेव."

सकाळी तोडाले गेलो तर दव भल्लं पडेल. ओले फुलं टोपल्यात दाबले का आतून काळे पडतात. दव वाळेपर्यंत थांबा लागलं. मजूर बायांनी तोडलं, मी टोपले भरले. गाडीची मागची शीट आमी कवाच काढून टाकली हाय, भाजीसाठी. तिथं टोपले रचले, वरून ओलं पोतं टाकलं. शेवंतीचं टोपलं पुढं, कमलच्या शीटवर ठेवलं. पट्टा बी लावला त्याले, नाहीतर वळणावर सांडते.

दिवे पाहिले नाहीत. ती गेल्यापासून पाहिलेच नव्हते. बाजारात माल शेजाऱ्याच्या गाडीनं जाये. तिची राख वर्धा नदीत सोडाले कौंडण्यपूरले गेलो ते याच गाडीनं, पण दिवसा. मले वाटलं, आताबी दिवसाचाच परवास हाय. अन् खरं सांगतो, पाहतो कसं? पुढं कोन उभं राहाते?

अमरावती, बडनेरा

अमरावतीपर्यंत काही झालं नाही. रस्त्यानं दोनी बाजूले संत्र्याचे बगिचे, झाडाखाली कागदाचे खोके, तोडणीवाले भाकरीचं फडकं सोडून बसेल. सगळी गाडी झेंडूच्या वासानं भरून गेली होती. झेंडूचा वास काही गोड नसते. कडू असते. मले तोच आवडते.

अमरावतीत आलू-पोंगा खाल्ला. ज्यानं खाल्ला नाही त्याले सांगतो. पोंगा म्हणजे तळेल नळी, पोकळ, बोटाएवढी. त्याच्यासोबत तिखट आलू. आलू नळीत भरायचा अन् तोंडात टाकायचा. अकोल्यात हे मिळते, पण आलूत तिखट कमी असते. शकूले हे सांगितलं का ती भांडते. कमल पोंगे पाचही बोटात घालून खाये, लहान पोरावानी. मी म्हणे, "लोक पाहून राहिले." ती म्हणे, "पाहू द्या, त्याहिले बी बोटं हायेत."

मी हातानं खाल्ला, सरळ.

बडनेऱ्याच्या पुढं निघालो तर चाक पंक्चर. पंक्चरवाल्याजवळ आधीच एक ट्रॅक्टर चाक काढून उभा. ट्रॅक्टरचं चाक म्हणजे काही सायकलचं नाही. मी म्हटलं, "बावा, माहं आधी करून दे, लगनाचे फुलं हायेत."

तो म्हणे, "काका, ट्रॅक्टरवाला बी म्हणते, त्याच्या घरी पेरणी हाय. सगळ्याहिच्या घरी काही ना काही हाय. बसा."

बसलो. पोत्यावर पाणी मारलं. वऱ्हाडात एक गोष्ट बरी हाय, कोनी गोड बोलून उशीर करत नाही. तोंडावर सांगतात अन् मंग उशीर करतात. पुण्याकडचा एक पाहुणा आमच्याइथं आला होता, तो म्हणे तुमी लोक भांडून राहिले का बोलून राहिले तेच समजत नाही. कमल त्याले म्हणाली, "भांडाले लागलो का आमी चूप बसतो, तवा समजून घेजा."

चाक लागलं तवा ऊन उतरलं होतं. हिवाळ्याचा दिवस पटकन संपते.

मूर्तिजापूरच्या अलीकडं

सूर्य समोरच होता, लाल, पऱ्हाटीच्या वावरात बुडून राहिला होता. कापूस फुटेल, बोंडं पांढरे. मी दिव्याचं बटन दाबलं. वाटलं उजेड पडला असन. अजून दिवस होता म्हणून कळलं नाही.

समोरून एक ट्रकवाला आला अन् त्यानं असा हॉर्न वाजवला का माही मान आखडली. बाजूनं जाता जाता ओरडला, "बुढे, तुले मी फटफटी समजलो! एकच डोळा हाय तुह्या गाडीले!"

गाडी कडेले घेतली. उतरून पुढं गेलो, वाकून पाहिलं. डावा दिवा बंद. उजवा असा पिवळा का देवापुढची वात बरी. डाव्याले तळहातानं थाप मारली. लागला. मी गाडीत जाऊन बसलो, तर पुढचा उजेड अर्धा. पुन्हा उतरलो, पुन्हा थाप, पुन्हा लागला. दार लोटलं का गेला. साईडचं बटन दाबलं तर तिकडं साईड मिचकावे अन् तिच्यासंगं मोठा दिवाबी मिचकावे. असं तर कवा पाहिलं नव्हतं. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. जवळ एक बल्ब होता, तो लावला. तोही पिवळाच.

हे काम एकट्या माणसाचं नाही. आत बसलं का पुढचं दिसत नाही, पुढं गेलं का आतलं बटन दाबाले कोनी नाही. बैल घाण्याभोवती फिरते तसा मी गाडीभोवती फिरून राहिलो होतो. एक वेळ आत बसून मी सवयीनं ओरडलो बी, "लागला का वं?" बाजूच्या वावरात कापूस वेचून घरी निघेल एक बाई थबकली, माह्याकडं पाहिलं अन् भराभरा चालाले लागली. तिले वाटलं असन म्हातारा पेला हाय.

शकूचा फोन आला. "कुठं हायेत?"

"मूर्तिजापूर जवळच हाय."

"बाया येऊन बसल्या भाऊजी. दीर शिडी घेऊन उभा हाय."

"शिडीवर नको चढू म्हणा, पडन. येतो."

अंधार पडायच्या आत गाडी हळूहळू, कडेकडेनं मूर्तिजापूरपर्यंत नेली. मागच्या ट्रकवाल्याहिनं ज्या शिव्या देल्ल्या त्या लिहीत नाही.

सलीमभाईचं दुकान

रस्त्याले लागूनच ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान दिसलं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, भिंतीवर जुने हॉर्न लटकेल, मागं घर. मालक सलीमभाई, पन्नाशीचा, चष्म्याची दांडी वायरनं बांधेल. शटर अर्धं खाली घेतलं होतं.

"बंद हो गया चाचा, सुबे आना."

"सकाळी हळद हाय. अकोल्याले. फुलं माह्याजवळ हायेत."

त्यानं गाडीत डोकावून पाहिलं. शेवंतीच्या टोपल्याले लावेल पट्टा पाहून हासला. "हे मॅडम कोन? पट्टा लावून बसल्या." मंग आत तोंड करून ओरडला, "अजी, शादी का माल आया है, जरा पानी लाओ!" त्याची बायको बादली घेऊन आली. तिनं सरळ पोतं उचललं अन् टोपल्यांवर हातानं पाणी शिंपडाले लागली. म्हणे, "भाऊ, पोतं वाळून गेलं, फुलं गुदमरून राहिले."

सलीमभाईनं बल्ब पाहिला. "बल्ब का प्रॉब्लेम है."

"नवीन हाय."

"नया भी खराब निकलता. तुमच्या वऱ्हाडात नवा जावई खराब निघत नाही का?"

"तू कुठचा, लंडनचा हायेस?"

"मैं इधर का ही. मी बी जावईच हाव." बायको पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "अन् खराबच निघाला."

दुसरा बल्ब लावला. पिवळाच. मंग त्यानं रिले बदलला. काही फरक नाही. तो जरा चिडला. त्याच्याजवळ एक साधा बल्ब होता, दोन वायरा लावेल, तपासणीचा. दिव्यात करंट येणाऱ्या वायरीले त्यानं एक टोक लावलं, दुसरं बॅटरीले. तपासणीचा बल्ब झकास लागला.

"देखो. करंट येऊन राहिला. पूरा."

"मंग दिवा काहून लागत नाही?"

"चाचा, आलेला करंट वापस बी जायले पाहिजे. बॉडीवरून बॅटरीत. जायची वाट बंद झाली का तो दुसरी वाट धुंडते. साईडच्या बल्बातून घुसते. म्हणून साईडसंगं मोठा दिवा मिचकावते." त्यानं एक लांब वायर घेतली, दिव्याच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीपर्यंत जोडली. पत्र्यावर पांढरा उजेड पडला. डोळे दिपले. "अर्थिंग गया है. अंदर बैठो. मी पुढं उभा राहातो, सांगतो तसं दाबा."

मी आत बसलो. तो गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला, हात वर करून.

"लगी! दोनो! अब डिपर."

मी काही दाबलं नाही.

"चाचा! डिपर! सो गये क्या?"

दाबलं.

"साईड!"

दाबलं. "बस!" म्हणे. मी तसाच बसून राहिलो. तो खिडकीपाशी आला. म्हणे, "एकटे फिरता तं माणूस कशाले धुंडता? गाडी भिंतीपुढं लावायची. भिंतीवर उजेड दिसते. कोनता लागला, कोनता नाही, बसल्या जागी समजते."

"ठाऊक हाय मले."

"फिर घरपे कोन उभं राहाते?"

"बुढी उभी राहे."

"राहे?"

"हाव. राहे."

त्यानं बॉनेटखाली मुंडकं घातलं. बॅटरीच्या खाली, जिथं काळ्या वायरा एका बोल्टानं बॉडीले कसेल असतात, तिथं टॉर्चचा उजेड मारला. बोल्टावर पांढरं-हिरवं पीठ साचेल होतं, तुरटीवानी. त्यानं पाना लावला, बोल्ट काढला अन् उजेडात धरला. बराच वेळ पाहात राहिला.

"चाचा, बोल्टाले कुंकू कोन लावते?"

"काय?"

"ये देखो. गंजाच्या खाली कुंकू हाय. अन् तेल. दसऱ्याले माह्याइथं किती गाड्या येतात. कुंकू बॉनेटवर, हार आरशाले, लिंबू चाकाखाली. बोल्टाले कुंकू आजवर पाहिलं नाही. जिसने लगाया, उसने पहले घिसके साफ किया है. हर साल. खालचा पत्रा पाहा कसा चकचकीत हाय. फक्त यंदाचं साफ झालं नाही."

तवा मले समजलं. दसऱ्याले कमल गाडी धुये. मी बॉनेट उघडून देये अन् वावरात आपट्याचे पानं तोडाले जाये. वापस येईपर्यंत ती चिंचेचा गोळा घेऊन आत काहीतरी घासत असे, जशी देवाचे पितळी भांडे घासते तशी. मंग फडक्यानं कोरडं करे, तेलाचं बोट लावे, वरून हळद-कुंकू. मी समजे, बाईची पूजा हाय. कवातरी गाडी दुरुस्तीले नेली होती तवा एका फिटरनं तिले म्हटलं होतं, "वहिनी, हा बोल्ट साफ ठेवत जा." मी बी तिथंच होतो. मी ऐकलं अन् सोडलं. तिनं ऐकलं अन् दसऱ्यात घातलं. अन् दसरा यंदा आमाले नव्हता.

हे मी सलीमभाईले सांगितलं. तो बोल्ट घासता घासता ऐकत होता. त्याच्या बायकोनं बादली खाली ठेवली.

"म्हणजे," ती म्हणाली, "सुतक गाडीले बी लागलं."

सलीमभाईनं पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, पत्रा घासला, वायरीचं टोक घासलं, वरून ग्रीस लावलं, कसून टाकलं. पैसे मागितले, मी देल्ले. बायकोनं शेवंतीचं एक फूल मागितलं, मी ओंजळभर देल्ली. निघताना तो म्हणे, "चाचा, दसरा नाही म्हणून बोल्ट तसाच ठेवू नका. लोहे को सूतक नही समझता."

अकोला

रस्त्यावर पांढरा उजेड पडून राहिला होता. दोनी दिवे सारखे. गोरक्षण संस्थेच्या गाई रस्ता ओलांडत होत्या, त्याहिचे डोळे दुरूनच चमकले. कमलचे काही पिवळे झाले नव्हते डोळे. डावा दिवाच पिवळा होता. ते तिले मी सांगून द्यायले पाहिजे होतं, असं मनात आलं अन् गेलं.

अकोल्यात पत्ता विचारला का माणूस म्हणते "सरळ जा", अन् तुमी निघाले का मागून ओरडते, "सरळ नाही बे!" अमरावतीचा माणूस गाडीत येऊन बसते अन् स्वतःच्या घराकडं घेऊन जाते. मले पत्ता विचारायचा नव्हता, तरी एकानं सांगितलाच.

गल्लीच्या तोंडाशी शकू उभी होती. माहे दिवे तिच्या तोंडावर पडले. तिनं डोळ्यावर हात धरला. बहिणी-बहिणीचं उभं राहाणं सारखंच असते.

"इतका उशीर?"

"दिवे गेले होते."

"मंग आता कसे लागले?"

"सांगतो. आधी टोपले घे."

मांडवात बाया सुई-दोरा घेऊन रिकाम्या बसेल. शकूचा दीर शिडीवर, हातात प्लास्टिकची माळ. दोन खांब त्यानं गुंडाळून बी टाकले होते. टोपले आत आले तसा वास मांडवभर झाला. मजूर बायावानी साऱ्या पुढं सरकल्या.

मंग पूनमची आत्या उठली. चांगली बाई हाय, पण रीतीची पक्की. म्हणे, "शकू, राग नको मानू. पण ज्या घरचं वर्ष झालं नाही त्या घरचे फुलं हळदीले? पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय. आमच्या इकडं असं चालत नाही."

दीर शिडीवरच थांबला. मी म्हटलं, "मी मांडवात येत नाही. मी गाडीपाशी झोपतो, सकाळी निघून जातो. मले टाळा, फुलं नका टाळू."

आत्या म्हणे, "भाऊ, तसं नाही—"

शकूनं मधात तोंड घातलं. "आत्याबाई, हे रोप लावलं तवा माही बहीण जिवंत होती. तिनं जित्या हातानं लावलं. फूल मातीतून येते, सुतकातून नाही. अन् तुमाले चालत नसन तर तुमी प्लास्टिकच्या खांबाजवळ बसा. ते बी दोन हायेत, तुमाले पुरतात."

बाया हासल्या. आत्या बी तोंड लपवून हासली असं मले वाटलं, पण पक्कं सांगत नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर तीच सगळ्याहिच्या पुढं बसून ओवून राहिली होती, अन् दुसऱ्याहिले सांगत होती, "एक केशरी, दोन पिवळे घ्या, नुसते पिवळे कावीळ झाल्यावानी दिसतात." दिरानं प्लास्टिकची माळ काढून आपल्या गळ्यात घातली अन् शिडीवरून उतरला. म्हणे, "भाऊजी, चला जेवाले."

जेवण आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. आमच्याकडं भाजीत शेंगदाण्याचा कूट जास्त असते, यांच्याकडं तीळ बी घालतात. वांगे चांगले होते. मी श्रावणापासून वांगं खाल्लं नव्हतं. खाल्लं.

सकाळी

सकाळी गाडीतून उतरलो तर मांडव पाहून उभाच राहिलो. खांब दिसत नव्हते, नुसते फुलं. पूनमच्या पाटाच्या मागं पांढऱ्या शेवंतीची जाळी सोडली होती. आतून हळदीचे गाणे सुरू झाले होते. मी मांडवात गेलो नाही. बोललो होतो तसं.

शकू चहा घेऊन गाडीपाशी आली. मी म्हटलं, "चिंच हाय का घरात?"

"चिंच? आता?"

"भांडे घासाची. अन् वाटीत थोडं तेल."

तिनं चिंचेचा गोळा अन् तेलाची वाटी आणून देल्ली अन् आतून कोनी हाक मारली म्हणून गेली.

मी बॉनेट उघडलं. सलीमभाईनं बोल्ट साफ केलाच होता, तरी ग्रीस पुसलं, चिंच घेऊन घासला. कसं घासतात ते हाताले माहीत नव्हतं. अंगठ्याले खरचटलं. फडक्यानं कोरडा केला, तेलाचं बोट लावलं. कुंकू लावलं नाही. ते पुढच्या दसऱ्याले.

मंग गाडीत बसून दिव्याचं बटन दाबलं. समोर भिंत होती शेजाऱ्याची, चुन्याची. सलीमभाई म्हणे तसं तिच्यावर उजेड पाहाता आला असता. मी उतरलो. गाडीच्या पुढं गेलो, दिव्यापाशी वाकलो नाही, चार पावलं मागं सरकलो, घरी अंगणातली तुळस जिथं राहाते तेवढ्या अंतरावर. कमलच्या जागी. अन् गाडीकडं तोंड केलं.

मले आजवर वाटे, ती दिवे पाहाते. दिवे तर खाली राहातात. तिथं उभं राहिलं का नजरेसमोर काच येते, अन् काचेमागं माही शीट.

मी जरा वेळ उभा राहिलो. मंग एक हात वर केला, मंग दुसरा, अन् म्हटलं, "दोनी लागले."

मंग जाऊन बंद केले. बॅटरी उतरते.